पाच टप्पे, सहा महिने आणि पहिलं प्रेम : टीन कादंबऱ्यांची पार्श्वभूमी

अमेरिकेत टीनएजर्ससाठीच्या कादंबऱ्यांची सुरुवात साधारण १९६७ पासून धरतात, आणि मरण त्यांत पहिल्यापासून होतंच. पण मागे उरलेल्या मुलीला त्याच दिवसांत कोणी आवडायला लागलं तर काय, हे मनापासून मांडलं १९८१ च्या 'टायगर आइज'ने. १५ वर्षांच्या मुलीचे वडील स्वतःच्याच दुकानात गोळी लागून जातात, त्या रात्रीचे रक्ताने माखलेले कपडे ती कागदी पिशवीत भरून ठेवते आणि लॉस अलामोसला राहायला गेल्यावर कितीतरी दिवसांनी एका गुहेत नेऊन पुरते. मधे डोंगरात भेटलेला मुलगा आवडतो, पण तो काही तिला बरं करत नाही, त्याचे स्वतःचेच वडील कॅन्सरने चाललेले असतात.

खरा गुंता झाला तो दुःखाच्या 'पाच टप्प्यां'मुळे. नकार, राग, नशिबाशी घासाघीस, नैराश्य, स्वीकार ही यादी आली १९६९ च्या एका पुस्तकातून, आणि ती होती मरणाच्या दारात असलेल्या पेशंट्सशी बोलून केलेली, मागे राहिलेल्यांबद्दल नव्हतीच मुळात! तरी पुढे ती सगळ्यांनाच चिकटवली गेली, आणि कादंबऱ्या वाचतानाही लोक तेच मोजायला लागले, की हिरोईन स्वीकारापर्यंत पोचली का, प्रेमात पडली म्हणजे सावरली का. १९९९ मध्ये दोन अभ्यासकांनी वेगळं मांडलं, माणूस दुःख आणि रोजचं जगणं यांत सारखा येजा करतो, टप्पेबिप्पे ओलांडत नाही. मला हेच पटतं, कारण चांगल्या लेखिकांनी ते आधीच लिहून ठेवलं होतं.

२०१० च्या 'द स्काय इज एव्हरीव्हेअर'मध्ये तर ही येजा पानापानावर आहे, बहीण गेलेली मुलगी मिळेल त्या चिटोऱ्यावर, कागदी कपावर कविता लिहून गावभर टाकत फिरते, नवा मुलगा मनापासून आवडतो आणि आपल्याला हसू कसं येतं म्हणून स्वतःचाच राग येतो. दोन वर्षांनी कॅन्सरग्रस्त प्रेमिकांची कादंबरी तुफान खपली, लगेच २०१३ मध्ये ब्रिटिश पेपरात 'सिक-लिट', म्हणजे आजारपणावर बेतलेलं साहित्य, म्हणून ओरड झाली, जी मला अन्यायाची वाटते.

मग २०२२ मध्ये अमेरिकेतल्या मानसोपचारवाल्यांनी लांबलेल्या शोकाला आजारांच्या यादीत घेतलं. माणूस गेल्यापासून मोठ्यांसाठी किमान १२ महिने, मुलांसाठी आणि टीनएजर्ससाठी मात्र ६. नुसतं रडू येणं त्यात धरत नाहीत, शोक जवळजवळ रोजचा आणि जगणं अडवणारा असावा लागतो, हे मान्य. पण मुलांना निम्मीच मुदत देणं मला अजूनही घाईचं वाटतं.