नातवंडांचं अमेरिकेतलं आजोळ: आम्ही शोध कसा घेतो

आमच्याकडे चौकशी बहुधा अशी येते. मुलगा न्यू जर्सीत, सून ओहायोकडची, आणि नातीला शाळेत वंशवृक्ष काढून आणायला सांगितलंय. बापाची बाजू एका संध्याकाळी पुरी होते, कारण कपाटात कुलवृत्तान्त असतो. आईकडे मात्र आजी, पणजी, आणि तिच्यापुढे एकदम ‘मेरी, जन्म केंटकी’. आडनाव नाही, आईबाप नाहीत. हे माहितीपत्रक त्या मेरीचं माहेर शोधू पाहणाऱ्यांसाठी आहे.

ती हरवते कुठे?

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत बाईचं लग्न झालं की कायद्याच्या दृष्टीने ती नवऱ्यात विरघळून जायची. तिची मिळकत त्याची, तिची कमाई त्याची, करार करायचा तर तोही त्यानेच. मिसिसिपीत १८३९ मध्ये आणि न्यूयॉर्कमध्ये १८४८ मध्ये कायदे झाले, तेव्हा कुठे विवाहितेच्या नावावर स्वतःची मालमत्ता राहू लागली. आपल्याला यात नाक मुरडायला जागा नाही. आपल्याकडे तर लग्नात पहिलं नावसुद्धा बदलत असे. तिथे निदान ते टिकायचं, पण त्यातही मेख आहे: पॉली म्हणजे मेरी, पॅट्सी म्हणजे मार्था, पेगी म्हणजे मार्गारेट, सॅली म्हणजे सारा. दोन कागदांवर दोन बायका दिसतात आणि निघते एकच.

जन्मदाखल्यावर फार विसंबू नका. मॅसॅच्युसेट्सने १८४१ पासून राज्यभर नोंदणी सुरू केली, पण बऱ्याच ग्रामीण राज्यांत ती विसाव्या शतकातच नीट बसली. म्हणून आम्ही उलटीकडून जातो. मेरीचा एखादा मुलगा १९२० च्या सुमारास वारला असेल, तर त्याच्या मृत्यूच्या दाखल्यावर ‘आईचं माहेरचं नाव’ असा रकाना सापडतो. माहिती देणारा जावई किंवा नातू असतो, त्यामुळे चुकाही होतात. ते नाव आम्ही पुरावा न मानता सुगावा मानतो.

जनगणना काय सांगते

अमेरिकेत १७९० पासून दर दहा वर्षांनी जनगणना होते. पण १८४० पर्यंत नाव फक्त कुटुंबप्रमुखाचं. बाकी सगळे वयाच्या रकान्यातला नुसता आकडा. १८५० मध्ये पहिल्यांदा घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव लिहिलं गेलं, आणि प्रमुखाशी नातं काय हे १८८० पासून. त्यामुळे १८५० च्या यादीत घरात राहणारी सत्तरीची म्हातारी सासू आहे, मावशी आहे की कुणीच नाही, हे यादी सांगत नाही. तिचं आडनाव मात्र वेगळं असेल तर आम्ही तिथेच थांबतो. पुष्कळदा ती बायकोची आई निघते. १९०० ची यादी आमच्या विशेष कामाची: बाईला किती मुलं झाली आणि त्यांतली किती हयात आहेत, हे तीत विचारलेलं आहे. ‘झाली नऊ, हयात चार’ असं वाचलं की नुसती नावं गोळा करणारा माणूसही जरा गप्प होतो. १८९० ची यादी मागू नका. १९२१ मध्ये वॉशिंग्टनमधल्या आगीत तिचं फार नुकसान झालं आणि पुढे उरलीसुरलीही जवळपास सगळी नष्ट झाली.

जमीन आणि पैसा

आमच्या अनुभवात मेरी सर्वांत जास्त सापडते ती काउंटीच्या (म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या) कोर्टहाऊसमधल्या खरेदीखतांच्या वह्यांत. नवऱ्याच्या पश्चात त्याच्या जमिनीच्या एक तृतीयांशावर विधवेचा हयातभर हक्क असे. म्हणून त्याने जमीन विकली की घेणारा तिच्याकडूनही हक्क सोडवून घ्यायचा. पुष्कळ राज्यांत अधिकारी तिला बाजूला घेऊन, नवऱ्यामागे, ‘राजीखुशीने सोडतेस ना?’ असं विचारत आणि तसं लिहून ठेवत. तिचं पहिलं नाव त्या शेऱ्यात येतं.

त्याहून मोलाचं म्हणजे हक्कसोडपत्र. बाप मेला, शेत एका भावाकडे राहिलं, बाकीच्या भावंडांनी सह्या केल्या. बहिणींच्या नावापुढे नवऱ्यांची नावं येतात. सातबाऱ्यावरून बहिणींची नावं कमी करताना आपल्याकडे जो कागद होतो, त्याचाच हा भाऊबंद. एकाच पानावर माहेरचं आडनाव, सासरचं आडनाव आणि सगळी भावंडं! असा कागद मिळाला की त्या दिवशी ऑफिसात चहा दुसऱ्यांदा होतो.

नवरा यादवी युद्धात उत्तरेकडून लढला असेल तर आणखी एक दार उघडं असतं. जुलै १८६२ च्या कायद्याने विधवांना पेन्शन मिळू लागलं, पण लग्न झाल्याचं सिद्ध करावं लागे. दाखला नसला तर शेजारणी, सुईणी आणि लग्नाला हजर असलेले लोक शपथेवर सांगत. काहींनी घरच्या बायबलमधलं जन्म-लग्नांच्या नोंदींचं पान फाडून अर्जाला जोडलं. ती पानं आजही वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात फायलींत आहेत.

दगडावरचे शब्द

जुन्या थडग्यांवर ‘कन्सॉर्ट’ लिहिलेलं असेल तर बाई सवाष्ण गेली. ‘रेलिक्ट’ असेल तर नवऱ्यामागे. एवढ्या एका शब्दाने नवऱ्याच्या मृत्यूचं साल वीस वर्षं इकडचं तिकडे होतं. आजूबाजूची थडगीही वाचावीत, कारण माहेरची माणसं जवळपास असू शकतात. न्यूयॉर्क राज्यात पोकिप्सीच्या दफनभूमीत आपल्या आनंदीबाई जोशींचा स्मृतिदगड आहे. १८८७ मध्ये त्या गेल्या आणि त्यांच्या अस्थी, अमेरिकेत त्यांना घरी ठेवून घेणाऱ्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी आपल्या कुटुंबाच्या जागेत ठेवल्या. कार्पेंटर हे त्या बाईंचं सासरचं नाव. नुसतं तेवढं धरून बसलात तर त्यांच्या आईबापांपर्यंत पोहोचणार नाही.

डीएनए चाचणी घ्यावी का?

मायटोकॉन्ड्रियल डीएनए आईकडून सगळ्या मुलांना मिळतो, पण पुढे जातो तो फक्त मुलींमार्फत. म्हणजे चाचणी सुनेची घ्यायची किंवा नातवंडांची. तुमच्या मुलाच्या नमुन्यात त्याच्या आजीचं कोकण निघेल, केंटकी नाही. (असा नमुना आमच्याकडे खरंच आला होता.)

अब्राहम लिंकनच्या आईचं उदाहरण आम्ही नेहमी देतो. नॅन्सी हँक्सचं लग्न जून १८०६ मध्ये केंटकीत झालं. लग्नाच्या जामीनपत्रावर थॉमस लिंकनबरोबर रिचर्ड बेरीची सही आहे आणि त्याने स्वतःला तिचा पालक म्हटलंय. बाप नाही, पालक. तिची आई कोण, यावर शंभरहून अधिक वर्षं वाद चालला. नॅन्सीच्या एकुलत्या एका मुलीचा वंश पुढे गेलाच नाही, त्यामुळे हँक्स घराण्यातल्या इतर बायकांच्या मुलींच्या वंशजांचे नमुने जुळवावे लागले. २०१५ मध्ये निष्कर्ष आला, तो लूसी हँक्सच्या बाजूने. कागद आधी जुळवले नसते तर कुणाचे नमुने घ्यायचे हेच कळलं नसतं. म्हणून पहिल्या टप्प्यात आम्ही चाचणी सुचवत नाही.

आधीच सांगितलेलं बरं

सूनबाईंचं घराणं आफ्रिकन-अमेरिकन असेल तर १८७० च्या मागे वाट अवघड होते. १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या याद्यांत मालकाच्या नावाखाली नुसतं वय, लिंग आणि वर्ण, नावं नाहीत. मग मालकांची मृत्युपत्रं आणि मालमत्तेच्या याद्या तपासाव्या लागतात. मूल आईच्या दर्जाचं, हा तिथला कायदा होता, त्यामुळे बायका-मुलांची नोंद एकत्र सापडते. कारण वाईट, पण धागा मिळतो. हे काम आम्ही घेतो. वेळ दुपटीने लागतो.

‘आमची पणजी चेरोकी राजकन्या होती’ ही कथा फार घरांत ऐकू येते. चेरोकी ही अमेरिकेतली मूळ रहिवासी जमात, आणि तिच्यात राजकन्या नव्हत्या. तपासू जरूर, पण हवं तेच उत्तर मिळेल असं नाही.

शुल्क टप्प्याटप्प्याने, आकडा आधी लेखी. कोर्टहाऊस जळलेलं निघालं आणि हाती काही लागलं नाही, तरी झालेल्या शोधाचे पैसे लागतात. काय काय पाहिलं, याची यादी तुम्हाला देतो.

सुरुवातीला आम्हाला तीन गोष्टी पाठवा: सूनबाईंच्या आजीचं पूर्ण नाव, कुटुंब ज्या काउंटीत राहत होतं तिचं नाव (राज्य पुरेसं नाही), आणि घरातल्या जुन्या फोटोंच्या मागच्या बाजू. हो, मागच्याच. पुढची बाजू नंतर पाठवली तरी चालेल.