गुलाबाच्या बुंध्यातून आलेली काडी: रानफुटवा की कलमाचा फुटवा?

गणपतीच्या सुमाराला पाऊस थोडी उघडीप देतो आणि गुलाबाच्या बुंध्यापाशी एक नवी काडी वर येते. ती इतकी जोमदार असते की पंधरा दिवसांत जुन्या फांद्यांना मागे टाकते. घरात लगेच दोन मतं पडतात. एक म्हणतो, "राहू दे, झाड फुटलंय." दुसरा म्हणतो, "रानटी आहे, काढून टाक." दोघांचंही बरोबर असू शकतं, कारण बुंध्यातून येणाऱ्या काड्या दोन प्रकारच्या असतात. एक काडी झाडाला संपवते, तर दुसरी झाडाला पुढची काही वर्षं देते.

आमच्याकडे आईने लावलेला ग्लॅडिएटर होता, मोठ्या गडद गुलाबी फुलांचा. एका पावसाळ्यात त्याला बुडातून दोन काड्या आल्या. लालसर, काटेरी काडी आडदांड दिसते म्हणून आम्ही कापली आणि पोपटी, गुळगुळीत, नाजूक काडी ठेवली. दोन वर्षांनी त्या आळ्यात ग्लॅडिएटर उरला नव्हता. फाल्गुनात पांढऱ्या बारीक फुलांचे झुपके आले आणि शेजारच्या काकू म्हणाल्या, "गुलाब पालटला." आईला त्याचं फार वाईट वाटलं होतं. मीही बरीच वर्षं हेच मानत होतो की नाशिकच्या मातीत कलमी गुलाब काही काळाने गावठी होतो.

गुलाब पालटत नाही. रोपवाटिकेतून आणलेलं कलमी रोप म्हणजे एकाच्या मुळांवर वाढवलेलं दुसरं झाड. खाली खुंट असतो. आपल्याकडे तो बहुधा मल्टिफ्लोरा, इंडिका किंवा एडवर्ड या जातींचा असतो. त्याच्या सालीला इंग्रजी टी अक्षरासारखा काप देऊन हव्या त्या गुलाबाचा एकच डोळा, म्हणजे फांदी जिथून फुटते तो बारीक कोंब, आत बसवतात. आपण पाहतो ती सगळी फुलं त्या एका डोळ्याची. खुंटाचे स्वतःचे डोळे मात्र सालीखाली जिवंतच राहतात. संधी मिळाली की ते फुटतात, आणि मुळं त्यांचीच असल्यामुळे वरच्या पाहुण्यापेक्षा भरभर वाढतात. हा रानफुटवा. डोळा भरला त्या गाठीतून किंवा तिच्या वरून जे येतं, तो कलमाचा फुटवा.

पिंपळगाव बसवंतला मामांची द्राक्षबाग आहे. तिथे हे शेतावरच्या लहान मुलालाही माहीत असतं. डॉगरीज या द्राक्षजातीचा खुंट आधी लावायचा, पावसाळ्याच्या शेवटी त्यावर पाचर कलम करायचं आणि मग खुंटावर येणारा प्रत्येक फुटवा दिसेल तेव्हा काढायचा. मामा वेलीचं पान पाहत नाहीत, खाली वाकून फुटवा कुठून आला ते पाहतात. मुघलांच्या काळात गुलशनाबाद म्हणवलेल्या नाशिकात आपण गुलाबाच्या बाबतीत नेमकं तेवढंच करत नाही. आपण पानं मोजत बसतो.

एका देठावर "सात पानं रानटी, पाच पानं चांगला" हा नियम जवळजवळ प्रत्येकाने ऐकलेला असतो. त्यावर विसंबू नका. जोमात आलेल्या कलमी गुलाबाच्या काडीवरही सात पानांचे देठ येतात आणि खुंटावरही कधी पाचच येतात. रंगाचंही तसंच. लाल-गुलाबी फुलांच्या बऱ्याच जातींची कोवळी पालवी तांबूस असते, पण पिवळ्या-पांढऱ्या फुलांच्या काही जातींची हिरवीच असते. काट्यांवरूनही खात्री होत नाही, कारण खुंट बिनकाट्याचा असतो तसा काटेरीही असतो. फुलांची वाट पाहावी, तर मल्टिफ्लोराचा फुटवा पहिल्या वर्षी बहुधा फुलतच नाही. एडवर्डचा खुंट असेल तर त्याला चांगली सुवासिक गुलाबी फुलं येतात आणि माणूस हमखास फसतो. पानावरूनच ओळखायचं तर एक खूण मला भरवशाची वाटते. देठ काडीला चिकटतो तिथे दोन्ही बाजूंना छोटी उपपर्णं असतात. मल्टिफ्लोरात त्यांची कड कंगव्यासारखी झालरदार असते. मात्र ही खूण फक्त मल्टिफ्लोरा खुंटाला लागू पडते.

म्हणून खुरपी घ्या आणि बुंध्याभोवतीची माती हलक्या हाताने बाजूला करा. कलमाची गाठ सापडेल. खोड तिथे फुगलेलं आणि किंचित वाकडं असतं, कधी जुन्या प्लास्टिकच्या पट्टीचा तुकडाही दिसतो. काडी गाठीच्या खाली जोडलेली असेल तर रानफुटवा, गाठीवर किंवा वर असेल तर कलमाचा. मातीतून आली म्हणजे रानटीच, असं नाही. दरवर्षी शेणखत आणि माती टाकून आपण गाठ पुरून टाकतो, मग कलमाचा फुटवाही जमिनीतून आल्यासारखा दिसतो. गाठ मातीच्या दोन-तीन बोटं वर राहिली तर हा घोळच होत नाही.

आणि गाठ सापडलीच नाही तर? तुमचा गुलाब काडीवरून लावलेला असेल. देशी गुलाब बहुतेक तसेच असतात. त्याला खुंटच नाही, म्हणून बुडातून येणारी प्रत्येक काडी त्याचीच. तिला हात लावू नका.

रानफुटवा ओळखला की तो काढण्याची पद्धत महत्त्वाची. जमिनीलगत कात्रीने कापला तर बुडाशी राहिलेले डोळे फुटतात आणि एकाचे तीन होतात. तो निघाला आहे तिथपर्यंत माती उकरा, फुटवा मुठीत धरा आणि खालच्या दिशेने झटका देऊन सालीसकट ओढून काढा. कोवळा असताना सहज निघतो. त्या जागी बोर्डो पेस्ट लावा: 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी. घरासाठी याच प्रमाणात चमचाभर पुरते.

कलमाच्या फुटव्याला वेगळी वागणूक. तो फूटभर वर गेला की वाऱ्याने बुडातून निखळू शकतो, म्हणून काठीचा आधार द्या. फुलून झाल्यावर अर्ध्यावर कापा, म्हणजे बाजूच्या फांद्या फुटतील. खरा हिशेब दसऱ्यानंतरच्या छाटणीत होतो. मामांकडे द्राक्षांची गोडी छाटणी, म्हणजे फळांसाठीची छाटणी, चालू असते त्याच दिवसांत मी गुलाब छाटतो. नवा फुटवा मिळाला असेल तर सगळ्यात जुनी, करड्या सालीची फांदी बुडातून काढायची, निरोगी चार-पाच ठेवायच्या आणि बाहेरच्या बाजूच्या डोळ्याच्या जरा वर तिरका काप घ्यायचा. साधारण 45 दिवसांनी बहर येतो, म्हणजे निफाडकडची थंडी शहरात उतरू लागते त्या वेळी. नवे फुटवे दरवर्षी उडवले की जुनाट फांद्याच उरतात. पुढे शेंड्यापासून काळं पडत जाणारी मर गाठीपर्यंत पोचली की वरचं झाड मरतं आणि खालचा खुंट मोकळा होतो. आमच्या ग्लॅडिएटरचं हेच झालं.

काढलेला रानफुटवा मात्र फेकू नका. त्याची पेन्सिलीएवढी जाड, 15 ते 20 सेंटिमीटर लांब काडी घ्या. मातीत जाणाऱ्या भागातले डोळे चाकूने खरवडून टाका, वरचे दोन ठेवा. डोळे काढले नाहीत तर हीच काडी पुढे रानफुटवे देत राहील. जिवंत डोळ्यांची टोकं वरच्या दिशेला ठेवून काडी सावलीत लावा. ती धरली आणि साल लाकडापासून सहज सुटू लागली की डिसेंबर ते फेब्रुवारीत शेजाऱ्यांच्या आवडत्या गुलाबाचा एक डोळा तिच्यात भरता येतो. पट्टी बांधताना डोळा उघडा ठेवा. तीन आठवड्यांनी तो हिरवा असेल, तर खुंटाचा शेंडा डोळ्याच्या वर छाटून टाका. मी या हिवाळ्यात सहा भरले, चार हिरवे आहेत. त्यातला एक ग्लॅडिएटर आईच्या आळ्यात जाणार आहे.