किलोवॅट वेगळा, युनिट वेगळं

बिल वाढलं की बेळगावात पहिला संशय गीझरवर. "दोन हजार वॅटचा आहे, तोच खातोय सगळी वीज." शहापूर असो की निपाणी, कुणाच्या घरी वीज ऑडिटला, म्हणजे घरात वीज कुठं किती जाते ते शोधायला, बसलं की हेच कानावर येतं. किलोवॅट म्हणजे उपकरण किती जोरात वीज ओढतं ते. युनिट म्हणजे प्रत्यक्षात किती वीज जळली ते. एक किलोवॅट तासभर चालला की एक युनिट, आणि या हिशेबातला तासच लोक सोडून देतात.

दोन हजार वॅटचा गीझर सकाळी अर्धा तास लावला: एक युनिट. 75 वॅटचा जुना पंखा उन्हाळ्यात चौदा तास फिरला: तेही एक युनिट. असे तीन पंखे असतील तर गीझरच्या तिप्पट वीज गेली, आणि ओरडा मात्र गीझरच्या नावानं! पोरांना गार पाण्यानं आंघोळ घालण्यापेक्षा जास्त फिरणारे पंखे बदला. तीसेक वॅटचा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, पंखा तेवढ्याच वेळात अर्ध्या युनिटपेक्षाही कमी घेतो.

हेस्कॉमच्या, म्हणजे आपल्याकडच्या वीज कंपनीच्या, बिलात दोन्ही आकडे असतात, पण बिल कानडीत, म्हणून आपली बरीच मंडळी नुसती शेवटची रक्कम बघतात. मंजूर भार किलोवॅटमध्ये असतो, त्यावर स्थिर आकार लागतो. तो भार कमी करून घेतला म्हणून युनिट घटत नाहीत. गृहज्योती या कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या योजनेची 200 ची मर्यादाही युनिटचीच आहे, आणि ती ओलांडली की सगळ्या बिलाचे पैसे भरावे लागतात.

मीटर तपासणी आणि ऑडिट यांचाही घोळ होतो. तपासणीत मीटर बरोबर मोजतोय का ते कळतं, वीज कुठं जाते ते नाही.

ते शोधायला मीटरवरचा लाल दिवा पुरतो. मीटरवर 3200 इम्पल्स लिहिलं असेल तर तो 3200 वेळा लुकलुकला की एक युनिट. आमच्या काकींकडं फ्रीजसकट सगळी बटणं बंद केली आणि घड्याळ लावून बसलो. सहा मिनिटांत दिवा सोळा वेळा लुकलुकला. म्हणजे पन्नास वॅट, रात्रंदिवस. महिन्याला 36 युनिट. कोपऱ्यातला जुना इन्व्हर्टर कुणाच्या ध्यानातच नव्हता. त्याचा प्लग काढला आणि दिवा थांबला.

आणि ते 'वीज वाचवणारे' प्लगमध्ये खोचायचे डबे कृपा करून घेऊ नका. घरगुती मीटर खरी जळलेली वीज मोजतो, डब्यानं ती कमी होत नाही. त्या पैशात दोन एलईडी बल्ब येतील, ते न्हाणीघरात आणि जिन्यात लावा.