पार्श्वभूमी : मुंबईच्या जम्बोंचा निरोप आणि जुन्या विमानाची किंमत

२२ एप्रिल २०२४ च्या सकाळी एअर इंडियाचे ‘आग्रा’ हे बोइंग ७४७-४०० मुंबईहून अमेरिकेकडे कायमचे निघाले. वैमानिकांनी पंख दोन्ही बाजूंना कलवून निरोप घेतला. खरेतर या जम्बोंनी प्रवासी न्यायचे मार्च २०२१ मध्येच थांबवले होते. विकायला काढलेल्या विमानाचा खरा शत्रू म्हणजे असा थांबलेला काळ.

ताफ्यातून विमाने काढण्याची रीत जुनीच. १९६० मध्ये बोइंग ७०७ आल्यावर प्रोपेलरची सुपर कॉन्स्टेलेशन मागे पडली. ती वायुदलाकडे गेली आणि १९७६ मध्ये त्यातली काही नौदलाने सागरी टेहळणीसाठी घेतली. पहिले जम्बो ‘सम्राट अशोक’ १९७१ मध्ये सांताक्रूझला उतरले. त्याच्या नशिबी मात्र निवृत्ती नव्हती. १ जानेवारी १९७८ ला ते वांद्र्यासमोरच्या समुद्रात कोसळले आणि २१३ जणांचा जीव गेला. ७४७-४०० ही पुढची पिढी १९९३ पासून आली: चार इंजिने, ४२३ आसने. २००७ पासून ७७७-३००ईआर दोनच इंजिनांवर ३४२ प्रवासी नेऊ लागले. दोन इंजिनांचे इंधन आणि देखभाल वाचली, तेव्हाच जम्बोचा हिशेब फिसकटला.

जुन्या जेटमध्ये सर्वांत मोलाची इंजिने. त्यानंतर लँडिंग गिअर, शेपटीतले सहायक पॉवर युनिट (विमान उभे असताना वीज देणारे छोटे इंजिन) आणि कॉकपिटमधली उपकरणे. सांगाड्याला बहुतेक वेळा ॲल्युमिनियमच्या भंगाराचाच भाव मिळतो. इंजिनातल्या टर्बाइन डिस्कला (पाती बसवलेल्या फिरत्या चकतीला) ठरावीक उड्डाणांचे आयुष्य असते, ते संपले की ती बदलावीच लागते. म्हणून ग्राहक आधी कागद पाहतो: डिस्क कारखान्यातून निघाल्यापासून कोणत्या इंजिनात किती उड्डाणे झाली, याची अखंड नोंद. मधला एक कागद गहाळ असला तर धडधाकट डिस्कही बाद धरतात. लॉगबुके सांभाळणारा माणूस विक्रीच्या दृष्टीने अभियंत्याइतकाच महत्त्वाचा आहे, आणि नेमके इथेच दुर्लक्ष होते.

मुंबईत विमान नुसते उभे ठेवणे हेही कामच. खारी हवा आणि पावसाळा यांमुळे सांध्यांत गंज धरतो. इंजिनांची तोंडे झाकून आत ओलावा शोषणाऱ्या पिशव्या ठेवाव्या लागतात. पिटो नळ्यांना टोप्या घालतात, नाहीतर किडे घर करतात आणि वेगाचे माप चुकते. एकाच जागी भार पडून टायर चपटे होऊ नयेत म्हणून चाके ठरावीक दिवसांनी फिरवतात. इंधनाच्या टाकीत तळाला पाणी साठले की त्यावर बुरशी वाढते. पाणी काढून जंतुनाशक टाकावेच लागते. त्यातच दुसऱ्या विमानासाठी याचे सुटे भाग काढले जातात. प्रत्येक काढलेल्या भागाची नोंद न ठेवल्यास निरोपाच्या उड्डाणाची परवानगी अडते.

कागदपत्रांचा क्रमही कडक. आधी कर्ज देणाऱ्या बँकेचे वा विमान भाड्याने देणाऱ्याचे ना-हरकत पत्र, विमानतळाची थकबाकी, सीमाशुल्काचा निपटारा; मग डीजीसीए या नागरी विमान वाहतूक नियामकाकडून ‘व्हीटी’ या भारतीय अक्षरांची नोंदणी रद्द. मगच नव्या देशाची अक्षरे विमानावर चढतात. यातली एक जरी गाठ सुटली नाही तर काय होते ते मुंबईने पाहिले आहे. विजय मल्ल्यांचे खासगी एअरबस ए३१९ सेवाकराच्या थकबाकीपोटी २०१३ मध्ये जप्त झाले, लिलाव फसत गेले आणि २०१८ मध्ये ते ३४.८ कोटींना विकले गेले. तोवर एकमेकींना छेदणाऱ्या दोनच धावपट्ट्या असलेल्या या दाटीच्या विमानतळावर एक जागा अडून राहिली.

एअर इंडियाची उरलेली चारही जम्बो अखेर अमेरिकेच्या एअरसेल कंपनीने घेतली. इंजिने आणि सुटे भाग हाच अशा कंपन्यांचा व्यवसाय.