बारा गुंठे की नऊ हजार एकर? टॉवर लोकेशन आणि जीपीएस लोकेशन

रात्री दीडला मित्राचा फोन आला. "मामांचं लोकेशन मिळालंय. त्र्यंबक-घोटी रस्त्याच्या बाजूला एक गाव आहे, तिथं दाखवतंय. आम्ही निघालो, तूही ये, तुला टॉवरमधलं कळतं."

त्याचे थोरले मामा श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला गेले होते. लहान फेरी साधारण २० किलोमीटरची, मोठी ४०. मामा दरवर्षी मोठी करायचे आणि कुणी सोबत येतो म्हटलं की चिडायचे. त्या वर्षी पाऊस, धुकं आणि चुकलेली वाट. रात्री पावणेनऊला त्यांनी ११२, म्हणजे आणीबाणीचा नंबर, लावला. "डोंगरावर आहे, पाय मुरगळलाय, खाली दिवे दिसतायत." एवढं बोलणं झालं आणि फोन गेला.

मी पोचलो तेव्हा निम्मं गाव जागं होतं. घरचे लोक, व्हॅनमधले हवालदार, गावातली चार पोरं, सगळे टॉर्च घेऊन विहिरी, गोठे, देवळाचा ओटा पालथा घालत होते. आणि हे सगळं बरोबर मोबाइल टॉवरच्या भोवती. मित्राच्या मुलाने मला बाजूला घेऊन विचारलं, "काका, पोलिसांनी जीपीएस काढलंय ना? मग आजोबा सापडत कसे नाहीत?"

जीपीएस कुणी काढलंच नव्हतं. काढता येण्यासारखं नव्हतंच, कारण मामांच्या खिशात बटणांचा साधा फोन होता आणि त्यात जीपीएसची चिप नव्हती. व्हॅनमधल्या टॅबवर दिसत होता तो टॉवरचा पत्ता. मी बारा वर्षं टॉवरच्या देखभालीच्या कामात काढली, त्यामुळे मला ते बघताक्षणी कळलं. पण ज्याचं माणूस हरवलंय त्याला हे कुठून कळणार? 'लोकेशन' हा एकच शब्द दोन निराळ्या गोष्टींना वापरला जातो आणि लोक चुकीच्या जागी पहाट करतात.

टॉवर लोकेशन म्हणजे फोनला ज्या टॉवरने आवाज दिला त्याची जागा. माणूस कुठे आहे हे त्यात नसतं. तो कुणाच्या टप्प्यात आहे एवढंच असतं. टॉवरवर बहुतेक वेळा तीन बाजूंना अँटेना लावलेल्या असतात, प्रत्येकीच्या वाट्याला सुमारे १२० अंश. फोन कुठल्या अँटेनावर होता ते कंपनीच्या नोंदीत असतं. म्हणजे नकाशावर टिंब काढायचं नाही, टॉवरपासून पसरत जाणारी एक फाक काढायची, कलिंगडाची असते तशी. शहराबाहेर तिची लांबी पाच-सहा किलोमीटर सहज धरावी. सहा धरली तर ती फाक साधारण ३८ चौरस किलोमीटरची होते, म्हणजे नऊ हजार एकरांहून जास्त. आणि गंमत बघा, टॉवरच्या पायथ्याशी माणूस असण्याची शक्यता त्या फाकेतल्या इतर कुठल्याही जागेपेक्षा जास्त नसते. तरी सगळे जमतात तिथेच, कारण नकाशावर पिन तिथे असते.

जीपीएस लोकेशन म्हणजे फोनने स्वतः काढलेली स्वतःची जागा. फोन आकाशातल्या किमान चार उपग्रहांचे सिग्नल ऐकतो आणि हिशेब करतो. उघड्यावर, डोक्यावर आभाळ मोकळं असेल तर पाच-दहा मीटरचा फरक. खोल दरीत, कड्याला चिकटून, दाट झाडीत किंवा नाशिकच्या पंचवटीतल्या अरुंद गल्लीत तो वाढतो. २० मीटरचा फरक धरला तरी शोधायची जागा बारा-तेरा गुंठ्यांची. बारा गुंठे दोन माणसं दहा मिनिटांत पायाखाली घालतात.

इथे एक गोष्ट बहुतेकांच्या डोक्यात उलटी बसलेली असते. जीपीएसमध्ये फोन फक्त ऐकतो, उपग्रहाला काही कळवत नाही. नेटवर्क नसतानाही त्याला आपली जागा कळते, पण ती त्याच्या पोटातच राहते. ती बाहेर पडायला कॉल, मेसेज किंवा डेटा लागतो, म्हणजे शेवटी टॉवरच लागतो. "जीपीएस चालू होतं, मग पोलिसांना दिसत का नाही?" या प्रश्नाचं उत्तर एवढंच. टॉवर लोकेशन ढोबळ असतं, पण बटणांच्या फोनचंही मिळतं. जीपीएस लोकेशन नेमकं असतं, पण पाठवलं गेलं तरच.

नाशिक शहरात कॉलेज रोडवर टॉवर काही शे मीटरच्या अंतराने असतात, त्यामुळे तिथे टॉवर लोकेशनसुद्धा बऱ्यापैकी उपयोगी पडतं. गोंधळ डोंगरात होतो. उंचावरच्या माणसाला लांबलांबचे टॉवर थेट दिसतात आणि जवळचा, कड्याच्या आड असलेला, दिसत नाही. अंजनेरीच्या पठारावर, ब्रह्मगिरीच्या धारेवर, हरिहरच्या माथ्यावर फोन कुठला टॉवर पकडेल ते उभं राहायच्या जागेवर ठरतं. हरिहरला एका बाजूने निरगुडपाड्याची वाट, दुसऱ्या बाजूने हर्षेवाडीची. चार पावलं सरकलात आणि डोंगराचा आडोसा बदलला की टॉवर बदलला. साल्हेर तर गुजरातच्या सीमेवर. तिथे माथ्यावर मला गुजरातमध्ये स्वागत असल्याचा मेसेज आला होता. उभा होतो बागलाण तालुक्यात, नाशिक जिल्ह्यात! अशा जागेवरून लावलेला ११२ शेजारच्या राज्यात उचलला जाऊ शकतो, कारण फोन कुठल्या टॉवरवर आहे त्यावरून कॉल वळतो.

महाराष्ट्रात २०२१ पासून ११२ चे कॉल नवी मुंबई आणि नागपूर इथल्या केंद्रांत घेतले जातात आणि तिथून जवळच्या गाडीला निरोप जातो. फोन उचलणाऱ्याला आपला नाका, आपलं देऊळ माहीत असेल असं धरून चालू नये. आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव आणि मग खूण, या क्रमाने सांगावं. आपल्या कंपनीचं नेटवर्क नसलं तरी दुसऱ्या कंपनीच्या नेटवर्कवरून ११२ लागू शकतो. म्हणून पट्टीवर 'फक्त आणीबाणीचे कॉल' दिसलं तरी लावून बघावा. पण असा लागलेला कॉल तुटला तर त्या नंबरवर परत फोन लागेलच असं नाही. शिवाय त्याची नोंद त्या दुसऱ्या कंपनीकडे असते. घरचे आपल्याच कंपनीच्या नोंदीत शोधत बसतात आणि "त्या वेळी कॉलच झालेला नाही" असं उत्तर ऐकून गळून जातात.

ही नोंद, म्हणजे सीडीआर, घरच्यांना कंपनीकडून मागता येत नाही. ती पोलीस मागवतात, अधीक्षक किंवा उपायुक्त दर्जाच्या अधिकाऱ्याच्या मंजुरीने. ओळखीचा कुणी 'काढून देतो' म्हणाला तर त्याच्या नादी लागू नका, तो गुन्हा आहे. सीडीआरच्या कागदावर कॉल किंवा मेसेज झाला त्या क्षणाचा टॉवर असतो, मधल्या वेळेचं काही नसतं. नेटवर्कला फोन किती लांब आहे याचा अंदाजही असतो, सिग्नल जाऊन यायला लागलेल्या वेळेवरून. टूजीत तो सुमारे ५५० मीटरच्या पायऱ्यांनी मोजला जातो, फोरजीत सुमारे ७८ मीटरच्या. रोजच्या सीडीआरवर हा आकडा नसतो. पण अँटेनाची दिशा मिळते, आणि ती मागायचं भान घरच्यांना हवं. हवालदारांना विचारायचा प्रश्न असा: "साहेब, हे लोकेशन टॉवरचं की फोनचं? टॉवरचं असेल तर कुठल्या बाजूच्या अँटेनाचं? आणि किती वाजताचं?"

'किती वाजताचं' हे दोन्ही प्रकारांना लागू. मीटरपर्यंत नेमकं टिंबही चार तासांपूर्वीचं असेल तर चालता माणूस त्यानंतर दहा-बारा किलोमीटर गेलेला असू शकतो.

त्या रात्री आम्हाला अँटेनाची दिशा कागदावर मिळायला सकाळ उजाडली असती. पण मामांनी स्वतःच अर्धं उत्तर देऊन ठेवलं होतं: खाली दिवे दिसतायत. ज्या गावचे दिवे दिसतात त्या गावचा टॉवर बहुधा फोनलाही दिसतो. मग मामा गावात नव्हते, गाव दिसेल अशा उंचीवर होते. टॉवरच्या बुंध्याशी उभं राहून मी वर बघितलं. तीन अँटेनांपैकी एकच डोंगराकडे होती, उरलेल्या दोन सपाटीवरच्या वस्तीकडे. आम्ही माणसं गावातून काढून डोंगराकडे वळवली, धारेखालच्या दोन सोंडा वाटून घेतल्या. आम्ही पोचायच्या आधी एका गुराख्याला ते दिसले, झुंजुमुंजु होताना, टॉवरपासून पाचेक किलोमीटरवर, कारवीच्या झुडपात इरलं पांघरून बसलेले. पहिलं वाक्य: "एवढी माणसं कशाला आणलीत?"

स्मार्टफोन असता तर सगळं सोपं झालं असतं का? नेहमीच नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर लोकेशन पाठवताना 'सध्याचं लोकेशन' या ओळीखाली 'इतक्या मीटरपर्यंत अचूक' असं लिहिलेलं असतं. तिथे १० असेल तर पाठवा. १,२०० असेल तर फोनने अजून उपग्रह ऐकलेले नाहीत, तो टॉवरवरून अंदाज ठोकतोय. म्हणजे जीपीएसच्या कपड्यांत आलेलं टॉवर लोकेशनच ते. उघड्यावर येऊन मिनिटभर थांबलं की आकडा उतरतो. त्याच पानावर खाली आसपासच्या हॉटेलांची, देवळांची यादी असते. घाईत त्यातल्या नावावर बोट पडलं की तुमची जागा जात नाही, त्या हॉटेलची जाते. 'लाइव्ह' लोकेशन १५ मिनिटं, १ तास किंवा ८ तास चालतं, पण डेटा गेला की टिंब तिथेच गोठतं आणि घरचे समजतात माणूस थांबलाय.

आकडे तोंडी सांगण्यात तर भयंकर घोटाळा होतो. हरिहर साधारण १९ अंश ५४ मिनिटं उत्तर, ७३ अंश २८ मिनिटं पूर्व. दशांशात तेच १९.९० आणि ७३.४७. फोनवर कुणी "एकोणीस चोपन्न, त्र्याहत्तर अठ्ठावीस" म्हणालं आणि ऐकणाऱ्याने १९.५४, ७३.२८ असं टाइप केलं की पिन पडते शहापूर तालुक्यात, तानसा तलावाच्या आसपास. सुमारे ४५ किलोमीटरची चूक, आणि पिन दिसायला अगदी ठाम! दशांशानंतरचे आकडेही गाळू नयेत. दोनच सांगितले तर किलोमीटरभराचा फरक पडतो, तीन सांगितले तर शंभरेक मीटरचा, चार सांगितले तर दहाएक. बोलून सांगण्यापेक्षा साधा एसएमएस करावा, अगदी क्षीण सिग्नलवरही तो निसटून जातो.

हाच सिग्नल आणि हीच बॅटरी घरचे खातात. हरवलेल्या माणसाला अठरा नातेवाईक एकेक करून फोन लावतात. एकाने लावावा, बाकीच्यांनी थांबावं. 'बंद आहे' आणि 'संपर्क क्षेत्राबाहेर' या दोन घोषणांवरूनही लोक बरेच तर्क लढवतात. फोन रीतसर बंद केला तर तो जाताना नेटवर्कला सांगून जातो, दरीत उतरला तर न सांगता जातो. पण घोषणा कंपनीगणिक बदलतात आणि काही वेळाने नेटवर्क न सांगता गेलेल्यालाही बंद धरतं. त्यावर शोधाची दिशा ठरवू नये.

पोलीस ठाण्याबद्दल थोडक्यात. नाशिक शहराचं आयुक्तालय वेगळं, ग्रामीण पोलीस वेगळे. त्र्यंबक, घोटी, हर्सूल ग्रामीणमध्ये येतात. टॉवर तिकडचा निघाला म्हणून 'तिकडे जा' असं कुणी सांगितलं तरी मिसिंगची नोंद माणूस राहतो तिथल्या ठाण्यात व्हायला हवी असा आग्रह धरा. २४ तास थांबायचा नियम नाही. १८ वर्षांखालचं मूल असेल तर अपहरणाचा गुन्हा नोंदवतात. डोंगरातलं प्रकरण असेल तर स्थानिक गिर्यारोहकांना लगेच कळवावं, कुठल्या सोंडेवरून काय दिसतं हे त्यांना नकाशाशिवाय माहीत असतं.

मामांना पुढच्या दिवाळीत भाच्याने स्मार्टफोन घेऊन दिला, लोकेशन पाठवायला शिकवलं. आता फेरीला निघाले की दर तासाला न चुकता पाठवतात. फक्त बोट पडतं खालच्या यादीतल्या पहिल्या नावावर. गेल्या श्रावणात पहाटे चारपासून दुपारपर्यंत आमच्या ग्रुपवर मामा एका मागून एक मिसळीच्या हॉटेलात बसलेले होते, त्यातली दोन तर बंद पडलेली.