न्हाणीतलं तीन बोटं पाणी

दर्यापूरकडच्या आमच्या मामांनी मागच्या दिवाळीनंतर न्हाणी मोडून नवं बाथरूम बांधलं. मामींचे गुडघे गेलेत, म्हणून अंगणापलीकडचा संडासही आतच घेतला. कमोड बसला, बेसिन बसलं, पार छतापर्यंत टाइल्स लागल्या. आणि मे महिन्यात त्या चकचकीत खोलीत सडक्या अंड्यांचा वास सुटला. वास्तुवाल्याने निदान केलं: संडास ईशान्येला आलाय, फोडा. मामांचा मला फोन. "तू त पोरायले विज्ञान शिकवतं ना? सांग मंग, काहून येते वास?"

ईशान्येला वास नसतो, हायड्रोजन सल्फाइडला असतो. सेप्टिक टाकीत हवेविना जगणारे जिवाणू मैल्यातल्या गंधकापासून हा वायू तयार करतात. अब्जावधी कणांत याचे मोजके कण असले तरी नाकाला कळतं. (उलट प्रमाण फार वाढलं की नाकच बधिर होतं. वास थांबला म्हणून टाकीत उतरणं हे मरण आहे.) टाकीत वायू असणारच. तो खोलीत कुठून शिरला, एवढंच शोधायचं.

फरशीवरच्या जाळीखाली एक भांडं असतं. हार्डवेअरवाले त्याला देशभर 'नाहणी ट्रॅप' म्हणतात, म्हणजे नाव आपल्या न्हाणीचंच. त्यात वाट आधी खाली जाते, मग वर वळते, मग पुढे. त्या बाकात कायम पाणी साचलेलं राहतं. सांडपाणी पुढे जातं, वायू मागे येऊ शकत नाही. संडासाच्या पाइपाला असा बाक देण्याचं पेटंट १७७५ साली अलेक्झांडर कमिंग या मूळच्या स्कॉटलंडच्या घड्याळजीने घेतलं. काटे नाहीत, झडप नाही, स्प्रिंग नाही, नुसतं पाणी! घड्याळजीला हे सुचावं याचं मला फार कौतुक आहे.

हे पाणी किती खोल असतं? ५० मिलिमीटर, म्हणजे तीन बोटं. वायू आणि आपण यांच्यामध्ये एवढीच भिंत.

आता ती फुटते कशी ते पाहा. फ्लश दाबला किंवा कमोडमध्ये बादली ओतली की पाणी काही क्षण पाइप पूर्ण भरून पळतं. इंजेक्शनचा दट्ट्या ओढल्यासारखं होतं, पाण्यामागची हवा विरळ होते. ती भरून काढायला कुठून तरी हवा यायला हवी. वाट मिळाली नाही, तर बाहेरचा दाब ट्रॅपमधलं पाणीच पाइपात ढकलतो. यात एक गंमत आहे. ओढ लागली की ट्रॅपच्या पाइपाकडच्या बाजूचं पाणी वर चढू शकत नाही, ते काठावरून सांडून जातं. त्यामुळे सगळी घट जाळीकडच्या बाजूला होते, आणि ५० मिलिमीटरची ओढ पुरेशी ठरते. हवेचा दाब १०.३ मीटर पाण्याच्या स्तंभाएवढा असतो. म्हणजे पाइपातला दाब साधारण दोनशेव्या भागाने, ५०० पास्कलने, उतरला की खेळ संपला. रसवंतीत उसाचा रस नळीतून वीतभर वर ओढताना आपण याच्या चौपट ओढ लावतो! फ्लशनंतर जाळीतून गुडगुड ऐकू आली, तर समजा की ट्रॅप पाणी गमावतोय.

उपाय साधा आहे: त्याच लाइनीतून दोन इंची पाइप स्लॅबच्या वरपर्यंत न्यायचा. हवा तिथून येते, ट्रॅपला हात लागत नाही. मामांच्या मिस्त्रीने तो टाकलाच नव्हता. पण त्याला मूर्ख म्हणू नका. त्याने आयुष्यभर दोन शोषखड्ड्यांचे संडास बांधले. त्यात वायू मातीत जिरतो, वरचा पाइप लागतच नाही. इथे काळ्या मातीत पाणी मुरत नाही म्हणून मामांनी सेप्टिक टाकी केली, आणि नियम बदलला.

दुसरा चोर म्हणजे ऊन. लग्नसराईत मामा पंधरा दिवस मुंबईला होते. पारा ४५ अंशांवर, हवा कोरडी. फ्लशने अर्धं केलेलं पाणी बाष्पीभवनाने आटलं. गावाला जाताना जाळीत तांब्याभर पाणी आणि वर चमचाभर खाण्याचं तेल ओतून जा, तेलाच्या थराने बाष्पीभवन जवळजवळ थांबतं. जवसाचं मात्र नको. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन सुकतं, म्हणून तर ऑइल पेंटमध्ये घालतात. सुगंधी वड्यांवर पैसे घालवायचे तर खुशाल घालवा, वड्या ट्रॅप भरत नाहीत.

नवं बांधणार असाल तर टाइल्सच्या दुकानात जाण्याआधी कागदावर पाइपाची रेघ ओढा. कमोड सेप्टिक टाकीच्या बाजूच्या भिंतीला, म्हणजे चार इंची पाइप आखूड आणि सरळ राहतो. त्याला दर ४० ते ६० फुटांना एक फूट उतार. कमोड विकत घेण्याआधी भिंतीपासून भोकाचं अंतर मोजा, नाहीतर मामांसारखा एकदा परत करावा लागेल. अंघोळीची जागा दारापासून लांब, उतार दाराकडून तिकडे.

शॉवरबद्दल थोडंच. छतावरच्या टाकीतलं पाणी शॉवरपेक्षा १० मीटर वर असेल तेव्हा कुठे एक बार दाब मिळतो. स्लॅबवरची टाकी शॉवरपेक्षा दीड मीटर वर, म्हणजे ०.१५ बार. त्यात जाहिरातीतला पावसासारखा शॉवर नुसता ठिबकतो. शिवाय हा खारपाणपट्टा, त्याची बारीक भोकं क्षाराने बुजणारच. मामींनी बादली आणि मग्गाच ठेवलाय.

शेवटी भिंत कुठलीच फोडली नाही. मिस्त्रीनेच येऊन चेंबरपाशी दोन इंची पाइप जोडला आणि स्लॅबच्या वर काढला. सेप्टिक टाकीत डास होतात, पाइपाच्या तोंडाला जाळी लाव, असं मी फोनवर म्हणालो. मामांनी जुन्या मच्छरदाणीचा तुकडा तारेने करकचून बांधलाय.