रोजगाराभिमुख प्रमाणपत्र अभ्यासक्रमांचा सरकारी निधी (बेळगाव सीमाभाग)

पदवी शिकताना किंवा पदवीनंतर एखाद्या ठरावीक कामाची तयारी करून देणाऱ्या अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमांना सरकार जो पैसा देते, तो हा निधी. बेळगावात उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतल्या फौंड्री (ओतकामाचे कारखाने) आणि मशीन शॉपमुळे सीएनसी (संगणकाच्या आज्ञेवर चालणारे यंत्र) ऑपरेटरसारख्या कोर्सला हाताशी काम आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या बी.व्होक. (व्यावसायिक कौशल्याची पदवी) रचनेत सहा महिन्यांवर प्रमाणपत्र, वर्षावर डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येते. सत्राच्या 30 क्रेडिटांपैकी (अभ्यास मोजायचे एकक) 18 कौशल्याचे. प्रधानमंत्री कौशल विकास योजनेत (2015 पासून) विद्यार्थ्याला फी नसते, पण प्रशिक्षण केंद्राला पैसे एकदम मिळत नाहीत. 2015 च्या सामायिक खर्च निकषांत (प्रशिक्षणाच्या खर्चाचे सरकारी दर) यंत्रकामाच्या गटाला तासाला 38.50 रुपये होते. दर पुढे वाढले. 300 तासांच्या कोर्सचे त्या दराने 11,550 रुपये होत आणि ते तेव्हा असे मिळत: बॅच सुरू होताना 30 टक्के म्हणजे 3,465, प्रमाणपत्र मिळाल्यावर 5,775, नोकरी लागल्यावर उरलेले 2,310. शेवटचा हप्ता इतका लहान होता की प्रशिक्षण केंद्राची धडपड परीक्षेपाशी थांबे आणि काम शोधायचे पोरावर येई. प्रवेशापूर्वी मागच्या बॅचमधले कितीजण कुठल्या कारखान्यात लागले, हे विचारावेच. परीक्षा कुठल्या भाषेत होणार, हेही मराठी शाळेतून आलेल्याने तेव्हाच विचारावे.

शिकाऊ उमेदवारीचा (अप्रेंटिसशिपचा) मार्ग जास्त भरवशाचा, कारण शिकताना हातात पैसे येतात. 2019 च्या नियमांत पदवीधराला महिन्याला किमान 9,000, डिप्लोमाधारकाला 8,000 रुपये ठरले. राष्ट्रीय शिकाऊ प्रशिक्षण योजनेत या किमान रकमेचा निम्मा वाटा केंद्र सरकार उचलते.

कर्नाटक सरकारच्या योजनांना राज्याचे रहिवासी असणे लागते. महाराष्ट्रातल्या चंदगडहून रोज बेळगावला येणाऱ्या मुलाला त्यांतून काही मिळत नाही. केंद्र सरकारच्या योजना मात्र खुल्या असतात.

सर्वांत जास्त पैसे अडतात नावापायी. एसएसएलसीच्या (कर्नाटकातली दहावी) मार्क्स कार्डावर नुसती आद्याक्षरे, आधारवर वडिलांचे नाव आणि आडनाव. कानडीतून फिरून आलेले ‘चव्हाण’ कुठे ‘चवाण’ होते. नोंदणीच्या आधीच आधार दुरुस्त करून घ्यावे. बँकेत दोन खाती असतील तर स्टायपेंड आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात जातो. तेच खाते चालू आहे ना, हे पासबुक भरून पाहावे.